स्टॅन्ली नोल्स : विरोधी बाकावरची चार दशके

कॅनडाची राजधानी ओटावा इथल्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये सभापतींच्या आसनासमोर एक लांब टेबल आहे. त्यावर राजदंड ठेवलेला असतो, टेबलाशी काळे झगे घातलेले सभागृहाचे सचिव बसतात, आणि दोन्ही बाजूंना सत्ताधारी व विरोधी सदस्यांची बाके समोरासमोर असतात. १९८४ नंतर बरीच वर्षे या टेबलाशी एक उंच, अतिशय कृश वृद्ध गृहस्थ येऊन बसत असत. ते सचिव नव्हते आणि आता सदस्यही उरले नव्हते. त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता, मत देण्याचाही नव्हता. पक्षाघाताने आधीच खचलेले शरीर सावरत ते येत, कामकाज ऐकत आणि घरी जात. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्या पुढाकाराने सभागृहाने त्यांना ही जागा आजीव दिली होती, आणि त्यापूर्वी असा मान कुणाच्याही वाट्याला आला नव्हता. ज्यांना तो मिळाला ते स्टॅन्ली नोल्स कधी पंतप्रधान झाले नाहीत, मंत्रीही झाले नाहीत. केंद्रात एकदाही सत्तेवर न आलेल्या एका लहान समाजवादी पक्षाचे ते विनिपेग शहरातले खासदार होते.

मी विनिपेगमध्ये राहायला आलो तेव्हा हे नाव मला केवळ एका शाळेची पाटी म्हणून ठाऊक होते. शहराच्या वायव्य भागातल्या त्या शाळेच्या परिसरात आज फिलिपिनो आणि पंजाबी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पुढे संसदेच्या जुन्या कामकाजाचे वाचन सुरू झाले आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की हे नाव हटकून समोर येते, हे लक्षात आले. दशक कोणतेही असो, पंतप्रधान कोणीही असो, नोल्स उभे राहिलेले असत. राजकारणात काही करून दाखवायचे तर सत्ता हवी, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की जन्मभर विरोधी बाकावर बसलेल्या माणसाच्या कारकिर्दीकडे पाहायला आपल्याजवळ मापच नसते. नोल्स यांची कारकीर्द मला त्यासाठी महत्त्वाची वाटते. मूठभर सदस्यांच्या पक्षाला सभागृहात एकच गोष्ट खऱ्या अर्थाने आपली असते, ती म्हणजे सभागृहाचे नियम, आणि नोल्स यांनी ते नियम गरीब म्हाताऱ्या माणसांच्या कामी लावले.

ही गोष्ट त्यांच्यापासून सुरू होत नाही. विनिपेगमध्ये १९१९ च्या मे आणि जून महिन्यांत सुमारे ३०,००० कामगारांनी सार्वत्रिक संप केला. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी जमावावर केलेल्या गोळीबारात दोघांचा जीव गेला. संपाच्या वार्तापत्राचे काम पाहणारे जेम्स शेव्हर वूड्सवर्थ यांना त्यानंतर राजद्रोही लिखाणाच्या आरोपाखाली अटक झाली. आक्षेपार्ह ठरवलेल्या मजकुरात बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याची वचनेही होती. धर्मोपदेशकाचे पद सोडून बंदरावर हमाली केलेला हा माणूस १९२१ साली विनिपेगमधून खासदार झाला. १९२५ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळाले नाही, आणि वूड्सवर्थ व त्यांचे सहकारी ए. ए. हीप्स या अवघ्या दोन मजूर सदस्यांच्या मतांना एकाएकी किंमत आली. जानेवारी १९२६ मध्ये त्या दोघांनी लिबरल पंतप्रधान मॅकेन्झी किंग आणि विरोधी पक्षनेते आर्थर मीहन या दोघांनाही एकच पत्र पाठवले. बेकारांसाठी आणि वृद्धांसाठी तुम्ही या अधिवेशनात कायदा आणणार आहात काय, एवढाच त्यात प्रश्न होता. किंग यांनी निवृत्तिवेतनाचे वचन दिले. वूड्सवर्थ यांना मजूर खात्याचे मंत्रिपदही देऊ केले गेले होते. त्यांनी ते नाकारले आणि लेखी आश्वासन मात्र घट्ट धरून ठेवले.

त्या वर्षी कॉमन्सने मंजूर केलेले विधेयक सिनेटने फेटाळले. मध्ये निवडणूक झाली, आणि १९२७ साली कायदा झाला. तो कायदा काय होता हे नीट पाहिल्याशिवाय पुढच्या पन्नास वर्षांच्या झगड्याचा अर्थ लागत नाही. वयाची सत्तरी ओलांडलेल्या, वीस वर्षे कॅनडात राहिलेल्या ब्रिटिश प्रजाजनाला महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर मिळणार होते, आणि तेही मिळकतीची कसून चौकशी झाल्यावर. निवृत्तिवेतन धरून वर्षाचे उत्पन्न ३६५ डॉलरच्या वर, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या वर जाता कामा नये, अशी मर्यादा होती. मुले कमावती असतील तर त्यांनी आईबापांना का पोसू नये, असे विचारले जाई. राहते घर असेल तर त्याची किंमत उत्पन्नात मोजली जाई, आणि माणूस मेल्यावर त्याला दिलेले पैसे मालमत्तेतून परत वसूल करण्याची तरतूदही होती. ‘इंडियन ॲक्ट’खाली नोंद असलेल्या मूलनिवासींना या कायद्यातून सरळ वगळले होते. खर्चाचा अर्धा वाटा प्रांतांनी उचलायचा होता, त्यामुळे शेवटच्या प्रांतापर्यंत योजना पोहोचायला १९३६ साल उजाडले. म्हातारपणी सरकारकडून पैसे घेणे म्हणजे आपल्या दारिद्र्याचा पुरावा चारचौघांत मांडणे, असा हा सगळा मामला होता.

नोल्स यांचा जन्म १९०८ साली लॉस एंजलिसमध्ये झाला. आईवडील मूळचे कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाचे. वडील यंत्र कारागीर होते. आई क्षयाने गेली तेव्हा हा मुलगा लहानच होता. तरुणपणी तो छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम शिकला, मुद्रण कामगारांच्या संघटनेचा सदस्य झाला आणि कॅनडात येऊन मॅनिटोबातल्या ब्रँडन कॉलेजात दाखल झाला. तिथे त्याच्या बरोबरीने टॉमी डग्लस शिकत होते. हेच पुढे सस्कॅचेवान प्रांताचे मुख्यमंत्री झाले आणि सार्वजनिक आरोग्यविम्याचे जनक म्हणून ओळखले गेले. दोघेही धर्मोपदेशक झाले आणि दोघांनाही महामंदीने व्यासपीठावरून राजकारणात ओढले. मंदीच्या त्या वर्षांत नोल्स यांच्या वडिलांचे काम गेले आणि हाती निवृत्तिवेतन काहीच नव्हते. पुढच्या आयुष्यात या एका विषयाने नोल्स यांना इतके का धरून ठेवले, याचे कारण शोधायला मला याहून दूर जावे लागत नाही. आयुष्यभर हाताने काम करणारा माणूस म्हातारपणी रिकाम्या हाताने घरी कसा पाठवला जातो, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

मार्च १९४२ मध्ये वूड्सवर्थ वारले. १९३९ च्या सप्टेंबरात युद्धात उतरण्याच्या प्रश्नावर आपल्याच पक्षाशी फारकत घेऊन विरोधात बोललेले वूड्सवर्थ शेवटी बरेच एकाकी झाले होते. त्यांच्या विनिपेग नॉर्थ सेंटर मतदारसंघात नोव्हेंबरात पोटनिवडणूक झाली, आणि सीसीएफ (को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन) या वूड्सवर्थ यांच्या समाजवादी पक्षाचा, आधी निवडणुका हरलेला, विनिपेग नगरपालिकेत सदस्य असलेला नोल्स हा चौतीस वर्षांचा उमेदवार निवडून आला. ही निवडणूक धरून एकूण तेरा वेळा त्याच मतदारसंघाने त्यांना ओटावाला पाठवले. या मतदारसंघात रेल्वेची यार्डे आणि कारखाने होते, आणि त्यांच्या आसपास युक्रेनियन, पोलिश, जर्मन, ज्यू आणि ब्रिटिश कामगारांची दाटीची वस्ती. या वस्तीतली रेल्वेच्या नोकरीत उमेद घालवलेली माणसे आणि त्यांच्या विधवा नोल्स यांना पत्रे लिहीत, आणि त्या पत्रांचे पुढे संसदेत प्रश्न होत.

हे प्रश्न कसे विचारले जात, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण नोल्स यांचे खरे कसब तिथे दिसते. ब्रिटिश पद्धतीच्या संसदेत सरकारी तिजोरीतून खर्च करण्याचा प्रस्ताव फक्त मंत्री आणू शकतो. साध्या सदस्याने ‘निवृत्तिवेतन इतके डॉलर वाढवावे’ असा ठराव मांडला, तर तो नियमबाह्य ठरून चर्चेआधीच बाद होतो. म्हणून अशा ठरावाची भाषा ठरलेली असे : सरकारने निवृत्तिवेतनात वाढ करण्याच्या इष्टतेचा विचार करावा. हे वाक्य पहिल्यांदा वाचताना मला अतिशय मिळमिळीत वाटले. मग ध्यानात आले की या एवढ्या शब्दांच्या आड उभे राहूनच विरोधी सदस्याला त्या विषयावर बोलता येते. त्यावर चर्चा होते, मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर छापील कामकाजात कायमचे नोंदले जाते. पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर मंत्र्यासमोर धरता येते. गव्हर्नर जनरलांच्या अभिभाषणावरची चर्चा असो, अंदाजपत्रक असो, खात्याच्या खर्चाला मंजुरी देणारी समिती असो, की रोजचा प्रश्नोत्तरांचा तास असो, कुठल्या क्षणी कोणत्या नियमाखाली निवृत्तिवेतनाचा विषय काढता येईल, याचा नोल्स यांच्याइतका काटेकोर अभ्यास त्या सभागृहात क्वचितच कुणी केला असेल. छापखान्यात उलट्या अक्षरांच्या ओळी तपासण्याची सवय त्यांच्या नजरेत शेवटपर्यंत राहिली असावी, असे मला त्यांची भाषणे वाचताना वाटत राहते. तारीख, आकडा, कलम यांत त्यांची चूक काढणे मंत्र्यांना सहसा साधत नसे.

१९५१ साली पहिला मोठा पल्ला गाठला गेला. केंद्राला वृद्धांसाठी थेट कायदा करता यावा म्हणून प्रांतांच्या संमतीने राज्यघटनेत दुरुस्ती झाली, आणि जानेवारी १९५२ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक पात्र रहिवाशाला, मिळकतीची चौकशी न करता, महिन्याला ४० डॉलर मिळू लागले. मूलनिवासी वृद्धही आता त्यात आले. याचे श्रेय एकट्या नोल्स यांना देणे चुकीचे ठरेल. कायदा लिबरल सरकारने केला, त्यामागे संयुक्त संसदीय समितीचे काम होते, कामगार संघटनांचे आणि पेन्शनरांच्या संघटनांचे वर्षानुवर्षांचे दडपण होते. मात्र चौकशीची अट काढून टाका, ही मागणी जेव्हा सभागृहात अव्यवहार्य समजली जात होती तेव्हाही ती दर अधिवेशनात जिवंत ठेवणाऱ्यांत नोल्स आघाडीवर होते. आणि कायदा झाल्यावर ते थांबले नाहीत. सत्तर वय फार आहे, चाळीस डॉलर फार थोडे आहेत, महागाई वाढली की निवृत्तिवेतन आपोआप वाढले पाहिजे, या तीन गोष्टी ते पुढची वीस वर्षे सांगत राहिले.

देशाला नोल्स यांचे नाव माहीत झाले ते मात्र एका वेगळ्याच लढ्यात. १९५६ च्या मे महिन्यात लिबरल सरकारचे शक्तिशाली मंत्री सी. डी. हाऊ यांनी आल्बर्टातला नैसर्गिक वायू पूर्वेकडे नेणाऱ्या नळमार्गासाठी एक विधेयक आणले. अमेरिकी भांडवलाचा मोठा वाटा असलेल्या ट्रान्स-कॅनडा पाइपलाइन्स या कंपनीला पश्चिमेकडच्या टप्प्यासाठी ८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी कर्ज द्यायचे होते, आणि त्या मोसमातच काम सुरू व्हावे म्हणून ७ जूनच्या आत कायदा हवा होता. मार्ग सार्वजनिक मालकीचा असावा, असे सीसीएफचे म्हणणे होते. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे आक्षेप निराळे होते. तरीही हे दोन पक्ष एकत्र आले, ते सरकारने चर्चा सुरू होण्याच्या आधीच चर्चाबंदीची सूचना दिल्यामुळे. १९१३ पासून नियमांत असलेले हे हत्यार आजवर जपून वापरले गेले होते. या वेळी ते विधेयकाच्या एकेका टप्प्यावर वापरण्यात आले. बहुमत आहे म्हणून ऐकूनही घ्यायचे नाही, ही ती वृत्ती होती.

नोल्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे डेव्ही फुल्टन यांनी मग नियमांच्या आधारे तासन्‌तास किल्ला लढवला. हरकतीचा मुद्दा, त्यावर सभापतींचा निर्णय, निर्णयाविरुद्ध अपील, अपिलावर मतमोजणी, असे चक्र सुरू राहिले. ३१ मे च्या संध्याकाळी सभापती रने बोद्वाँ यांनी, आपल्यावर टीका करणाऱ्या वृत्तपत्रातल्या पत्रांबाबत सीसीएफचे कॉलिन कॅमेरन यांनी उपस्थित केलेला विशेषाधिकाराचा प्रस्ताव स्वीकारला. त्याचा अर्थ, त्यावर चर्चा सुरू होणार आणि सरकारचे वेळापत्रक कोलमडणार. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, सभापतींनी आपलाच निर्णय फिरवला आणि सभागृह आदल्या दिवशी सव्वापाच वाजता जिथे होते तिथे परत नेण्याचा प्रस्ताव मतास टाकला. मधल्या वेळेत जे झाले ते झालेच नाही, असे मानायचे होते. सभागृहात एकच गदारोळ उडाला. एरवी अत्यंत सौम्य असलेले सीसीएफचे नेते एम. जे. कोल्डवेल मूठ उगारून सभापतींच्या आसनापर्यंत गेले. त्या दिवसाला कॅनडाच्या संसदीय इतिहासात ‘काळा शुक्रवार’ म्हणतात. विधेयक मुदतीत मंजूर झाले, वायू वाहू लागला. पण सभापतींची प्रतिष्ठा परत आली नाही, आणि बावीस वर्षे सलग सत्तेवर असलेला लिबरल पक्ष पुढच्याच वर्षी निवडणूक हरला.

नियमांवर इतका जीव टाकणाऱ्याला कर्मठ किंवा अडेलतट्टू म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. बहुमत असणाऱ्याला नियमांवाचून अडत नाही, त्याची कामे संख्येच्या बळावर होतातच. आज आपण काहीही केले तरी उद्या आपल्याला बोलायला मिळेल, ही खात्री अल्पमतातल्या माणसाला फक्त नियम देतो. विनिपेगच्या रेल्वे यार्डालगत राहणारी एखादी विधवा ओटावात बोलू शकत होती, ती तिच्या खासदाराला उभे राहण्याचा हक्क होता म्हणून, आणि तो हक्क कोणत्याही मंत्र्याच्या मर्जीवर नव्हता म्हणून. नळमार्गाच्या त्या तीन आठवड्यांत नोल्स ज्यासाठी भांडले आणि निवृत्तिवेतनासाठी ज्याच्या जोरावर भांडले, ती गोष्ट एकच होती.

१९५७ साली नवे पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी नोल्स यांना सभापतिपद देऊ केले. पक्ष प्रतिस्पर्धी, विचार विरुद्ध, तरीही सभागृहाच्या नियमांची इतकी जाण असलेला दुसरा माणूस नाही, हे त्यांनी मान्य केले होते. नोल्स यांनी नम्रपणे नकार दिला. सभापती झाल्यावर मान मिळाला असता, पण निवृत्तिवेतनावर तोंड उघडता आले नसते. वूड्सवर्थ यांनी मंत्रिपद नाकारल्याची आठवण इथे होणे स्वाभाविक आहे. पुढच्याच वर्षी, मार्च १९५८ मध्ये, त्याच डीफेनबेकर यांच्या लाटेत नोल्स यांची जागा गेली. २६५ पैकी २०८ जागा एका पक्षाला मिळाल्या आणि सीसीएफ आठांवर आला. कोल्डवेलही हरले.

पराभवानंतरची चार वर्षे नोल्स कॅनेडियन लेबर काँग्रेसचे उपाध्यक्ष म्हणून काम करत होते, आणि या काळात त्यांच्या हातून जे घडले ते त्यांच्या संसदेतल्या कामाइतकेच मोलाचे आहे. कामगार संघटना आणि सीसीएफ यांना एकत्र आणून नवा पक्ष उभारण्याच्या समितीचे ते प्रमुख होते. १९६१ च्या उन्हाळ्यात ओटावात न्यू डेमोक्रॅटिक पार्टीची (एनडीपी) स्थापना झाली आणि टॉमी डग्लस तिचे नेते झाले. १९६२ साली नोल्स आपल्या जुन्या मतदारसंघातून पुन्हा निवडून आले आणि निवृत्तीपर्यंत हरले नाहीत.

या दुसऱ्या पर्वात फळे हाती येऊ लागली. लेस्टर पिअर्सन यांची दोन्ही सरकारे अल्पमतातली होती आणि त्यांना एनडीपीच्या मतांची गरज पडे. १९६६ पासून कमावत्या माणसांच्या वर्गणीवर चालणारी कॅनडा पेन्शन प्लॅन सुरू झाली. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची वयोमर्यादा त्याच वर्षापासून टप्प्याटप्प्याने सत्तरवरून पासष्टवर आणली गेली. १९६७ साली कमी उत्पन्न असलेल्या वृद्धांसाठी पूरक रक्कम आली. १९७२ च्या निवडणुकीत ट्रुडो यांच्या लिबरल पक्षाला १०९ आणि कॉन्झर्व्हेटिव्हांना १०७ जागा मिळाल्या. डेव्हिड लुईस यांच्या नेतृत्वाखालचे एनडीपीचे ३१ सदस्य दोघांच्या मध्ये उभे राहिले, आणि सभागृहातली त्यांची व्यूहरचना नोल्स यांच्याकडे होती. या काळात निवृत्तिवेतन महागाईशी पूर्णपणे जोडले गेले. ‘दरवर्षी वाढीसाठी हात पसरायला लावू नका’ हे नोल्स यांचे जुने म्हणणे शेवटी कायद्यात आले.

लहान गोष्टींवरही त्यांची नजर असे, आणि मला त्यातली एक फार बोलकी वाटते. १९७५ साली निवृत्तिवेतन घेणाऱ्याच्या साठ ते चौसष्ट वयाच्या जोडीदारासाठी भत्ता सुरू झाला. त्यात एक क्रूर भोक होते : नवरा वारला की बासष्ट-त्रेसष्ट वर्षांच्या बायकोचा भत्ताही बंद होई, कारण आता ती निवृत्तिवेतनधारकाची ‘जोडीदार’ उरलेली नसे. म्हणजे ज्या महिन्यात घरातले माणूस गेले, त्याच सुमारास तिचे पैसेही जायचे. १९७९ मध्ये जो क्लार्क यांच्या अल्पायुषी सरकारने हा भत्ता पासष्टीपर्यंत चालू ठेवण्याची दुरुस्ती केली. असल्या भोकांचा शोध घेणे हेच नोल्स यांच्यासारख्या खासदाराचे रोजचे काम. त्याचे मथळे होत नाहीत, पण एका बाईच्या घरचे दूध आणि भाडे त्याच्यावर चालते.

या सगळ्याची किंमत घरच्यांनी मोजली. पत्नी व्हायडा आणि मुले विनिपेगमध्ये, आणि नोल्स ओटावात दुसऱ्या एका कुटुंबाकडे भाड्याच्या खोलीत, अशी त्यांची वर्षानुवर्षे गेली. १९४६ साली त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान झाले. त्या काळी अशा निदानानंतर लोक कामातून निवृत्त होत. नोल्स यांनी त्यानंतर अडतीस वर्षे राजकारण केले. १९८१ साली पक्षाघात झाला, तरी मुदत संपेपर्यंत ते सदस्य राहिले. १९९७ च्या जूनमध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते वारले. अशा निष्ठेचे कौतुक करताना तिच्या सावलीत जगलेल्या माणसांना विसरणे मला अन्याय्य वाटते.

एक भारतीय म्हणून या परंपरेकडे पाहताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वूड्सवर्थ यांनी १९०९ साली स्थलांतरितांवर लिहिलेल्या पुस्तकात माणसांची वंशानुसार प्रतवारी केलेली आहे, आणि आशियातून आलेल्यांविषयीची त्यातली मते आज वाचवत नाहीत. पुढे त्याच वूड्सवर्थ यांच्या पक्षाने, मते गमावण्याचा धोका पत्करून, ब्रिटिश कोलंबियातल्या आशियाई रहिवाशांना मताधिकार द्यावा अशी भूमिका घेतली. १९३५ च्या निवडणुकीत त्यावरून पक्षाविरुद्ध उघड वंशद्वेषी प्रचार झाला. त्या प्रांतातल्या भारतीयांना मताचा हक्क मिळायला १९४७ साल उजाडले, म्हणजे ज्या वर्षी भारत स्वतंत्र झाला तेच. माणसे आणि पक्ष बदलू शकतात, याचा हा पुरावा मला कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा जास्त पटतो.

निवृत्तिवेतनाचा प्रश्नही संपलेला नाही. २०१२ साली स्टीफन हार्पर यांच्या सरकारने वयोमर्यादा पासष्टवरून सदुसष्ट करण्याचे ठरवले होते, आणि २०१६ मध्ये जस्टिन ट्रुडो यांच्या सरकारने तो निर्णय अंमलात येण्यापूर्वीच रद्द केला. मुलांच्या मागे उतारवयात कॅनडात आलेल्या मराठी आईवडिलांना मात्र दुसऱ्याच अटीशी सामना करावा लागतो. अठराव्या वर्षानंतर निदान दहा वर्षे इथे राहिल्याशिवाय वृद्ध निवृत्तिवेतन सहसा मिळत नाही, आणि पूर्ण रकमेसाठी चाळीस वर्षे लागतात. बारा वर्षे झाली असतील तर चाळीसातले बारा हिस्से, असा हिशेब. इथल्या आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांत साठीच्या पुढच्या बायका आपली किती वर्षे भरली ते एकमेकींना सांगतात. नातवंडांना वाढवण्यात गेलेली ती वर्षे असतात, आणि स्वतःच्या नावावर चार पैसे येईपर्यंत औषधाच्या बिलासाठीसुद्धा सुनेकडे नाहीतर मुलाकडे पाहावे लागते, हे त्या हळू आवाजात बोलतात. १९२७ च्या कायद्यात ‘मुले पोसतील’ असे गृहीत धरले होते. या बायकांच्या बाबतीत ते गृहीतक अजून तसेच आहे.

नोल्स यांच्या जुन्या मतदारसंघाचा बराच भाग आता विनिपेग सेंटर या नावाने ओळखला जातो, आणि २०१९ पासून एनडीपीच्या लिआ गझान तिथल्या खासदार आहेत. पहिल्या निवृत्तिवेतन कायद्याने ज्या मूलनिवासींना वगळले, त्यांच्यातल्या लाकोटा समाजाच्या त्या आहेत. २०२१ साली त्यांनी प्रत्येकाला जगण्यापुरते किमान उत्पन्न मिळावे यासाठी एक खासगी विधेयक मांडले. खर्चाचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार साध्या सदस्याला आजही नाही, त्यामुळे अर्थमंत्र्यांनी त्याचा राष्ट्रीय आराखडा तयार करावा, एवढेच त्या विधेयकात म्हणता आले. २०२४ च्या सप्टेंबरात ते दुसऱ्या वाचनाच्या वेळी मोठ्या फरकाने नामंजूर झाले. २०२५ च्या निवडणुकीत एनडीपीचे अवघे सात सदस्य निवडून आले, १९५८ च्या सीसीएफपेक्षाही एक कमी. बारापेक्षा कमी सदस्य असले की सभागृहात अधिकृत पक्षाचा दर्जा राहत नाही, समित्यांवरच्या जागा आणि प्रश्न विचारण्याच्या संधी आकसतात. गझान त्या सातांमध्ये आहेत. दहा वर्षांच्या अटीवर कुणी सभागृहात उभे राहणार असेल तर ते त्या सातांपैकी असावे, अशी माझी इच्छा आहे, आणि मी माझ्या भागाच्या खासदाराला तसे लिहिलेही आहे.